आपल्या गोलाच्या मागं

हार्लन ब्रुडविगनं आपल्या गावच्या कॉलेजच्या पोरींनी मारलेला एकही गोल जवळून बघितला नव्हता, आणि त्याचा त्याला अभिमान होता.

दोष त्याच्या डोळ्यांचा नव्हता, खुर्चीचा होता. ऑल्डर क्रीकच्या सॉकरच्या मैदानावर बाकीचं गाव मधल्या बाकांवर बसायचं. हार्लन मात्र आपली घडीची खुर्ची आपल्याच गोलाच्या जाळीमागं मांडायचा. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या की खुर्ची काखोटीला मारून, अख्ख्या मैदानाला वळसा घालून, पुन्हा आपल्याच गोलामागं.

"गोल काय, कुणीही मारतं," तो म्हणायचा. "अडवायला अक्कल लागते."

जन्मभर त्यानं विस्कॉन्सिनच्या थंडीत लोकांच्या खिडक्यादारांच्या फटी बुजवल्या होत्या. बाहेरचा वारा आत येता कामा नये, एवढी एकच गोष्ट त्याला आयुष्यात नीट कळली होती. त्याची बायको मर्ना म्हणायची, ह्यानं स्वतःलाही असं बुजवून घेतलंय की आतला शब्द बाहेर पडत नाही.

त्याच्या दोन्ही बाजूंना दोन खुर्च्या असायच्या. एक लाइल निस्ट्रमची. लाइल चीजच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, आणि त्याला ज्यातलं कळत नाही असं जगात काही नव्हतं. दुसरी डॉटी काम्पाची. ती गावातल्या बायकांचे केस कापायची आणि मॅच चालू असताना मफलर विणायची. मफलरचा नियम कडक होता. आपल्यावर गोल झाला की सगळं उसवायचं आणि पहिल्या टाक्यापासून सुरू. आजवर तो कधी हातरुमालाच्या पुढं गेला नव्हता. या वर्षी मात्र बचाव असा काही जमला होता, की मफलर डॉटीच्या गुडघ्यांवरून उतरून गवताला लागला होता.

श्रेय कुणाचं, यावर तिघांत वाद नव्हता. गेल्या वर्षी हार्लन दाढ काढायला शहरात गेला, त्या दिवशी पोरींनी तीन गोल खाल्ले होते. तेव्हापासून लाइल हिशेब मांडायचा, "बचावात चार पोरी, पाचवी गोलकीपर आणि सहावा हार्लन."

घोटाळा एकच होता. हार्लनची नात ब्रिटा याच संघात होती, आणि ती खेळायची आघाडीला. म्हणजे मैदानाच्या त्या टोकाला. चार वर्षांत तिनं मारलेला प्रत्येक गोल हार्लननं एकाच रूपात पाहिला होता: लांबवर निळ्या जर्सींचा एक गोळा, एकमेकींच्या गळ्यात पडलेला.

शुक्रवारी संध्याकाळी सगळे रिवाजाप्रमाणं तळलेला मासा खायला गेले, तेव्हा ब्रिटा म्हणाली, "आजोबा, उद्या गावातली शेवटची मॅच. हरलो तर पुढं नाहीच. एकदा तरी त्या बाजूला बस ना."

"आणि इकडं गोल झाला म्हणजे?"

"झाला तर झाला."

असलं बोलणं हार्लननं चर्चमध्येसुद्धा ऐकून घेतलं नसतं. तो माशावर लिंबू पिळत राहिला.

"पोरगी चार वर्षं तुझ्याकडं पाठ करून खेळतेय," मर्ना म्हणाली. "आता तिचं तोंड बघ की."

लिंबातला रस कधीच संपला होता, तरी हार्लन पिळतच होता.

रात्रभरात त्यानं तोडगा काढला. पहिला अर्धा वेळ नेहमीच्या जागी बसायचं. मध्यंतरानंतर नुसतं उठायचंच नाही. बाजू बदलली की ब्रिटा आपसूक त्याच्याकडं तोंड करून धावत येणार. म्हणजे त्यानं काही मोडलं असं नाही, खुर्चीसुद्धा हलवली असं नाही. अशा तोडग्यानं देवही फसतो, असं त्याला वाटलं.

शनिवारी मॅच सुरू झाली आणि ब्रिटानं पहिल्या अर्ध्यातच गोल मारला. हार्लनला लांबवर निळा गोळा दिसला. त्यानं टाळ्या वाजवल्या.

मध्यंतरात लाइल आणि डॉटीनं खुर्च्या मिटल्या.

"चल रे."

"मी इथंच बसतो."

लाइल त्याच्याकडं बघत राहिला. "छातीत वगैरे दुखतंय का?"

"नाही. ब्रिटाला बघायचंय."

"हार्लन," डॉटी म्हणाली आणि मफलर दोन्ही हातांनी उचलून त्याच्यासमोर धरला, "हा बघ. नीट बघ आणि मग बोल."

हार्लननं बघितला. पण उठला नाही. दोघं मैदानाला वळसा घालून निघाले. जाताना डॉटी असं वळून बघत होती, जसं काही त्याला शेवटचंच बघून घेतेय.

आणि मग ऑल्डर क्रीकच्या कोचनं, गेली पंचवीस वर्षं हार्लन मनातल्या मनात जे सांगत आला होता, नेमकं तेच केलं. एका गोलाची आघाडी होती, बचावातल्या एका पोरीचा पाय मुरगळला होता, तेव्हा त्यानं सगळा संघ मागं ओढला. आघाडीची ब्रिटा थेट आपल्या गोलासमोर उभी केली.

हार्लनच्या पुढ्यात उरली ती फक्त पाहुण्यांची गोलकीपर. ती थंडीनं जागच्या जागी उड्या मारत होती.

"तुमचा संघ असाच खेळतो का हो?" तिनं वैतागून विचारलं.

"मला काय ठाऊक," हार्लन म्हणाला. "मी नेहमी तिकडं असतो."

तिकडं काहीतरी झालं. बाकांवरचं गाव एकदम उठून उभं राहिलं. हार्लनही उठला, पण त्याला माणसांच्या पाठीसुद्धा धड दिसेनात. मग शिट्टी वाजली. एक-शून्यनं जिंकले.

नंतर चौकातल्या हॉटेलात अ‍ॅपल पाय खाता खाता चर्चा बसली. लाइलनं मिठाची बाटली म्हणजे ब्रिटा, केचपची म्हणजे गोलकीपर असं मांडलं. हार्लनचा कप म्हणजे गोल ठरला, त्यामुळं त्याला कॉफी पिता येईना.

"गोलकीपर चकली. बॉल आत चाललाय. आणि ही रेषेवर उभी," लाइल सांगत होता. "छातीवर घेतला. काय शिताफी म्हणावी."

"छाती कुठली? डोकं," डॉटी म्हणाली. "वेळ साधून मारलं तिनं."

"पण त्याच्या आधी मागं वळून बघितलं का नाही? गोल किती लांब आहे याचा अंदाज घेतला. असला बचाव मी उभ्या जन्मात बघितला नाही."

"आणि मफलर शाबूत," डॉटी म्हणाली. मग जरा थांबून, हार्लनकडं न बघता, "तू तिकडं असूनही."

"असूनही का असल्यामुळं?" लाइलनं काटा खाली ठेवला. "विचार कर. हा मागं बसला की पोरींना टेन्शन येत असेल."

"मग दाढ काढायला गेलो तेव्हा?" हार्लननं विचारलं.

"तेव्हा तू गावातच नव्हतास. गावात पाहिजेस. मैदानावर पाहिजेस. पण त्या टोकाला."

असलं शास्त्र हार्लननंच त्यांना शिकवलं होतं.

तेवढ्यात ओल्या केसांनी ब्रिटा आली. गाल लालभडक सुजलेला. "आजोबा, बघितलंस ना?"

खोटं बोलायला साहित्य भरपूर होतं. छाती होती, डोकं होतं.

"नाही," हार्लन म्हणाला. "तुझं तोंड दिसावं म्हणून पलीकडं बसलो. तर तू अलीकडं गेलीस."

ब्रिटानं बॅग खाली ठेवली. "म्हणून खुर्ची नव्हती होय. मला वाटलं, रागावून घरी गेलास. तीच बघायला मागं वळले. परत पुढं वळले तर बॉल थाडकन तोंडावर."

लाइलनं मिठाची बाटली हळूच उचलून कपाच्या तोंडाशी ठेवली.

"म्हणजे हा जागेवर असता, तर ही वळली नसती," तो म्हणाला. "आणि गोल झाला असता."

"सिद्धच झालं," डॉटी म्हणाली.

"कोच म्हणाले, आता बचावातच खेळ," ब्रिटा म्हणाली. जिंकल्यामुळं बाद फेरीची मॅचही गावातच मिळाली होती.

हार्लननं गालाकडं बघितलं. "दुखतंय?"

"खूप."

"चांगलं अडवलंस," तो म्हणाला. त्याच्या तोंडून कौतुक बाहेर पडलं तर एवढंच पडायचं.

पुढच्या शनिवारी तो निघाला तेव्हा मर्नानं पक्षी बघायची आपली दुर्बीण त्याच्या गळ्यात अडकवली. "पक्षी उडून तरी जातात. ही सापडेल तुला."

तो पाहुण्यांच्या गोलामागं एकटाच बसला. मध्यंतराला खुर्ची काखोटीला मारून उलट बाजूनं वळसा घालायला निघाला, तर अर्ध्या वाटेत समोरून लाइल आणि डॉटी आले. डॉटीनं मफलर गळ्याला तीन वेढे देऊन घेतला होता.

"कशी खेळतेय?" हार्लननं विचारलं.

"जवळून बघावी अशी," डॉटी म्हणाली आणि पुढं गेली.

तो त्या टोकाला जाऊन बसला, दुर्बीण डोळ्याला लावली. ब्रिटा आपल्या गोलासमोर उभी होती. या खेपेला ती मागं वळली नाही. तिनं सरळ मैदानाच्या पार इकडं बघितलं, आणि तिचा हात वर जायला लागला.

हार्लननं घाईघाईनं हात वर केला. त्यासाठी दुर्बीण सोडावी लागली, आणि मग नुसता निळा ठिपका उरला. ठिपका हात हलवत होता की नाही, काही कळत नव्हतं. तो आपला हात हलवत राहिला.