मेडशीचं आभाळ

आमचं घर शेलूबाजारला, हायवेपासून थोडं आत. घरामागे विहीर, विहिरीच्या भोवती वांगी, मेथी, पालक आणि सांबार, म्हणजे इतर ठिकाणची कोथिंबीर. भाजी पिकवायची आणि बाजारात बसून विकायची, हाच माझा उद्योग. तोंडाने मी फटकळ आहे, असं गिऱ्हाइकं म्हणतात आणि तरी येतात. बायको गेल्यापासून घरात मात्र माझा फटकळपणा ऐकून घ्यायला कोणी नाही. भिंतीवर किती वेळ डाफरणार?

पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने मागच्याच्या मागच्या दिवाळीत तिचा जुना लॅपटॉप आईसाठी आणून ठेवला. आईने त्यावर मुलीचं तोंड पाहावं, हा हेतू. आईने आठवड्यातून एकदा मुलीचं तोंड पाहिलं आणि रोज सकाळी मेडशीचं हवामान. मेडशी तिचं माहेर. हवामानाच्या एका पानावर आपलं गाव निवडायचं असतं, तिथे तिने शेलूबाजार न टाकता मेडशी टाकलं. मग ते पान उघडलं की काही न विचारता मेडशीच दाखवायचं: ढग किती, वारा कुठला, पाऊस आहे की नाही.

मी चहा पिता पिता बोलायचो, "वांगे इथं लावले आपण, आन् आभाळ पाह्यते तिकडचं."

"इथलं आभाळ डोक्यावरच हाये. मान वर करा, दिसते," ती म्हणायची.

एकदा मी म्हटलं, एवढी काळजी आहे तर भावाला फोन कर ना. ती म्हणाली, "वावराचं इचारलं का वयनीले वाटते, हिस्सा मांगून राह्यली."

आमच्याकडे ही रीतच आहे. बाप गेला की बहिणी तलाठ्याकडे जाऊन वावरावरचा, म्हणजे माहेरच्या शेतावरचा, हक्क सोडल्याची सही करून येतात, आणि त्या सहीबरोबर एक न लिहिलेली सहीही होते: इथून पुढे वावराची चौकशी करायची नाही. लेकराबाळांचं विचारा, लग्नकार्याचं विचारा, गाय व्याली का विचारा. तूर किती झाली, असं विचारलं की समोरचा सावध होतो. तिनेही सही केली होती. भावाशी भांडण कधीच नव्हतं. पण वावराबद्दल तिने पुन्हा तोंडातून शब्द काढला नाही, फक्त सकाळी चष्मा लावून मेडशीचे ढग पाहायची. हरभरा सोंगायच्या, म्हणजे कापणीच्या, दिवसांत तिकडे पाऊस दाखवला की इकडे आमच्या भाजीत मीठ जास्त पडायचं.

चैत्रात ती गेली. दोन दिवस ताप, मग वाशीमचा दवाखाना, आणि मग काही नाही.

तेरवी झाली, पाहुणे पांगले, मुलगी पुण्याला गेली. एका सकाळी चहा केला तर सवयीने दोन कप झाला. दुसरा कप फेकवेना, पिववेना. काहीतरी करायचं म्हणून लॅपटॉप उघडला आणि तिच्यासारखंच त्या पानावर बोट टेकवलं. पान उघडलं. मेडशी. आकाश निरभ्र. घरात तिचं लुगडं, तिची पोत, तिच्या हातची लोणच्याची बरणी होतीच, पण त्या वस्तू गप्प बसून होत्या. हे पान रोज तिच्यासाठी काम करत होतं. ती गेल्याचं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मीही सांगितलं नाही.

मग रोजचंच झालं ते. गाव बदलणं माझ्या हातात होतं, भाजीवाल्याला स्वतःच्या गावचं हवामान लागतं हेही कळत होतं. तरी मी मेडशीच पाहायचो. पावसाळ्यात वांग्यावर अळी पडली. मेडशीला ऊन दाखवलं म्हणून मी फवारणी केली, आणि दुपारी शेलूबाजारला असा पाऊस झाला की सगळं औषध मातीत. धुऱ्यापलीकडचा शेजारी बांधावर येऊन उभा राहिला.

"भाऊ, आज पाऊस सांगतला होता ना."

"म्या पाह्यलं होतं. ऊन होतं."

"कुठचं पाह्यलं?"

"मेडशीचं."

"मेडशीचं काहून?"

मी पंप खांद्यावरून उतरवला आणि धुवायला लागलो. तो भला माणूस, पुन्हा विचारलं नाही. पण गावात दोन दिवसांत पसरलं की म्हाताऱ्याचं डोकं चळलं. पसरू दे म्हटलं.

पोळ्यानंतर लॅपटॉप रुसला. बाजारभावाचं एक पान आत घ्यायचं आणि लगेच बाहेर हाकलायचं. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, जुन्या कुकीज अडकल्या असतीन. सगळ्या साफ करून टाका."

"कुकीज म्हंजे?"

तिने समजावून सांगितलं. आपण एखाद्या पानावर गेलो की ते पान आपल्याच कॉम्प्युटरमध्ये एक लहानशी चिठ्ठी ठेवून जातं. हा माणूस याआधी आला होता, त्याने हे निवडलं होतं, वगैरे. पुढच्या वेळी गेलो की आपलीच चिठ्ठी वाचून ते आपल्याला ओळखतं. मी म्हटलं, यात नवल काय, माझ्याकडेही कोणती बाई काटेरी वांगी घेते आणि कोण बिनकाट्याची, हे मला पाठ असतं. ती हसली. मग म्हणाली की काही चिठ्ठ्या मात्र दुसऱ्याच दुकानदारांच्या असतात, तुमची पिशवी पाहून तुमच्या मागे मागे फिरणाऱ्या. म्हणून आपण गुडघ्याचा पट्टा एकदा पाहिला की महिनाभर पट्टेच दिसतात. पान उघडताना ते "सर्व स्वीकारा" विचारतात ना, त्याला तुम्ही काय म्हणता?

"हो म्हणतो. दारात येऊन विचारलं तं नाही कसं म्हणाव?"

"बाबा, त्यायले नाही म्हणलं तं चालते."

हे मला खरंच माहीत नव्हतं. पण माझं लक्ष दुसरीकडे लागलं होतं. मी विचारलं, "सगळ्या साफ केल्या का, सगळ्याच पानांच्या जातात?"

"सगळ्याच. काहून?"

"काही नाही," म्हणून मी फोन ठेवला.

म्हणजे मेडशी ही एक चिठ्ठी होती. तिच्या हाताने पडलेली. एक बटण दाबलं की बाजारभाव सुरू होणार आणि ती चिठ्ठी जाणार. मी बाजारभाव सोडून दिला. आठवडाभर शेजाऱ्याला भाव विचारत होतो आणि तो माझ्याकडे संशयाने पाहत होता. शेवटी मुलीला न सांगता स्वतःच सेटिंगमध्ये शिरलो. भीतभीत, एकेक शब्द वाचत. गोपनीयता असं लिहिलेलं होतं तिथे गेलो, तर आत एक यादी निघाली: कोणकोणत्या पानांनी चिठ्ठ्या ठेवल्यात त्यांची, आणि प्रत्येकापुढे कचऱ्याचा डबा. म्हणजे सगळं घर धुवायची गरज नव्हती. बाजारभावाच्या पुढचा डबा दाबला, ते पान सुधारलं. मग सपाटाच लावला. ज्यांची नावं उभ्या जन्मात ऐकली नव्हती अशी कितीतरी मंडळी आमच्या घरात ठाण मांडून बसली होती, एकेकाला हाकललं. हवामानाच्या ओळीला हात लावला नाही. त्या दिवशी मला बरं वाटलं. तिच्यासाठी दवाखान्यात काही करता आलं नव्हतं, इथे काहीतरी राखता आलं, असं वाटलं.

थंडीत, तुरीच्या दिवसांत, एका सकाळी पान उघडलं तर मेडशी नाही. वर एक रिकामी चौकट आणि प्रश्न: आपले गाव निवडा.

वाटलं, माझ्याकडूनच चुकून काही दाबलं गेलं. मुलीला फोन लावला. ती ऑफिसच्या वाटेवर होती.

"तुमी काही नाही केलं बाबा. त्या चिठ्ठीले मुदत असते. मुदत सरली का ती आपोआप जाते." मग म्हणाली, "कोणतं गाव होतं?"

"तुया मायनं टाकेल होतं. मेडशी."

मग ती म्हणाली, "टाका ना मंग परत."

टाकलं. एका बोटाने, अक्षर शोधत शोधत. तेच पान, तेच ढग. पण ते आता माझ्या सांगण्यावरून आलं होतं. ती त्यातून निघून गेली होती. मी खूप एकटा पडलो त्या सकाळी, तेरवीच्या दिवशीही इतका पडलो नव्हतो.

काय मनात आलं कोण जाणे, मेडशीला साळ्याला फोन लावला.

"पानावर तुमच्याकडे ढग दिसून राह्यले," मी म्हटलं. "तूर सोंगली का?"

तो सावध झाल्याचं मला फोनवरूनही कळलं. "सोंगणं चालू हाये. काहून भाऊजी?"

"तुमची ताई पाहे रोज. तुमच्याकडचं आभाळ. सकाळी उठली का पह्यले तेच."

तो म्हणाला, "ताईनं तं कधी वावराचं इचारलं नाही. सही केली तवापासून एकदाही नाही. आमाले वाटे, राग हाये तिच्या मनात."

"राग नव्हता."

"मंग एक फोन काहून नाही केला तिनं?"

"तुमाले वाटलं असतं, हिस्सा मांगून राह्यली."

तिकडे कोणीतरी बैलांना हाकत होतं. त्याने नाही म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं.

"वाटलं असतं," तो म्हणाला.