शहाण्णवला उकळणारं पाणी

शाळेच्या प्रयोगशाळेत मी बावीस वर्षं मदतनीस आहे. बाटल्या धुणं, बर्नर पेटवणं आणि फुटलेल्या काचेवरून आरडाओरडा करणं ही माझी कामं. त्यातलं शेवटचं मी सगळ्यात मन लावून करतो. म्हणून दहावीतली एक पोरगी येऊन म्हणाली, की शनिवारी शाळा सुटल्यावर चौथीच्या मुलांना इथे प्रयोग करायला आणू का, तेव्हा मी तिला दारातूनच वाटेला लावलं. चौथीची मुलं आणि काचसामान, म्हणजे माकडाच्या हातात कोलीत.

ती गेली ती थेट मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे. बाईंनी महिनाभराची परवानगी दिली आणि वर एक अट घातली. महिना संपला की त्या स्वतः येऊन बघणार, मुलं खरंच काही शिकतायत की नुसता धुडगूस चाललाय, आणि मग वर्ग ठेवायचा की बंद करायचा ते ठरवणार.

या पोरीला अख्खी शाळा 'कशावरून' म्हणते, कारण तिला काहीही सांगा, तिचा पहिला प्रश्न तोच. वडील चष्म्याच्या दुकानात काचा घासतात. चरे पडलेल्या काचा ती घरी गोळा करते. त्यातल्या दोन पुठ्ठ्याच्या नळीत बसवून तिने दुर्बीण केली आणि धाकट्या भावाला समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दाखवली. टाकी उलटी का दिसते, असं त्याने विचारलं. ते त्याला समजावता समजावता आपल्यालाच पहिल्यांदा कळलं, असं ती सांगते. तेव्हापासून तिला खोडच लागली. नवं काही शिकलं की ते दुसऱ्या कुणाला शिकवल्याशिवाय तिला चैन पडत नाही.

पहिल्या शनिवारी तो भाऊ आणि त्याचे सहा मित्रमैत्रिणी आले. तिने त्यांना व्हरांडा पावलांनी मोजायला लावला. सात जणांची सात उत्तरं आली आणि भांडण जुंपलं. मी ओरडायला बाहेर आलो, तर ही मधोमध उभी राहून मजेत हसत होती. तिचा नियम एकच होता: दिसलं तेच लिहायचं, पुस्तकात काय आहे ते नंतर बघायचं. दुसऱ्या शनिवारी मी केर काढायच्या निमित्ताने आतच थांबलो. तिसऱ्या शनिवारी केर काढायचंही विसरलो. खोटं कशाला बोलू, मला ती मुलं आवडायला लागली होती.

मग बाईंचा दिवस उजाडला. सोबत विज्ञानाचे सरही आले. प्रयोग साधाच होता: पाणी किती अंशांना उकळतं ते बघायचं. बर्नर तिने स्वतः पेटवला, मुलांना दोन पावलं मागे उभं केलं आणि थर्मामीटर स्टँडला अडकवला. पाणी खळखळायला लागलं. मग एकेकाला पुढे बोलावून तिने आकडा वाचायला सांगितला.

सगळ्यात लहान चणीची मुलगी टाचा उंचावून म्हणाली, "शहाण्णव."

सर म्हणाले, नीट बघ. तिने नीट बघितलं, तरी शहाण्णवच. दुसऱ्यालाही शहाण्णव, तिसऱ्यालाही. माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाईंच्या पाठीमागे उभा राहून मी 'कशावरून'ला ओठांच्या हालचालीने 'शंभर, शंभर' असं सुचवत होतो. नववीच्या प्रात्यक्षिकाला दर वर्षी मी हेच करतो, म्हणून सवय दांडगी. तिने बघितलं आणि मान फिरवली.

"मुलांनी बरोबर वाचलंय, बाई," ती म्हणाली. "शहाण्णव का, ते मला माहीत नाही. बर्फ मिळेल का?"

शिक्षकांच्या खोलीतल्या फ्रिजमधून मी बर्फ आणला. तोवर थर्मामीटर निवला होता. वितळत्या बर्फात शून्य दिसायला हवं होतं, दिसलं उणे चार. तिथेही चार कमी, इथेही चार कमी. सरांनी थर्मामीटर डोळ्यांजवळ नेला. नळीच्या आतली आकड्यांची पट्टी वर सरकली होती. तो खोक्यात डोकं खाली करून ठेवणारा शहाणा मीच.

सर मोकळेपणाने हसले, बाईही हसल्या, आणि माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात त्या चिमुरडीने विचारलं, "मग मोठ्या मुलांना कितीला उकळलेलं दिसलं?"

प्रयोगवह्यांचे गठ्ठे कपाटातच होते. बाईंनी एक वही काढली: शंभर. दुसरी काढली: शंभर. हसू मावळलं. मूग गिळून गप्प बसायची हीच वेळ होती, आणि मी बसलोही. पण ती पोरगी कपाटाशी गेली आणि गेल्या वर्षीची स्वतःची वही काढून तिने मुलांसमोर उघडली. तिथेही शंभर.

"मला तेव्हा शहाण्णवच दिसलं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं माझंच चुकलं. मी घाबरून शंभर लिहिलं."

सात जोडी डोळे तिच्याकडे लागले. महिनाभर त्यांना जे शिकवलं, तेच तिने स्वतः पाळलं नव्हतं. मग मला राहवेना. मी सांगून टाकलं, की शंभर लिहायला मीच सांगतो, वर्षानुवर्षं, सगळ्यांनाच. सांगताना कान तापले, पण बरं वाटलं.

भावाने खिशातून पेन काढून तिच्यापुढे धरलं. "मग आता लिही ना, ताई. दिसलेलं."

तिने शंभरवर एक रेघ मारली, शेजारी शहाण्णव लिहिलं, आणि खाली लिहिलं की थर्मामीटर चार अंश कमी दाखवतो, बर्फात तपासला. बाईंनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि त्या ओळीखाली सही केली. मग सरांकडे वळून त्या म्हणाल्या, "पुढच्या शनिवारपासून नववीलाही हिच्या वर्गात बसवा. चौथीच्या मागे."