केवढ्याला पडलं?

ओहायोत डब्लिनच्या पलीकडे, मक्याच्या शेतांना लागून आमचं खेडं होतं. एक पोस्ट, एक चर्च, एक हार्डवेअरचं दुकान आणि फायर स्टेशन, की संपलं गाव. ऐंशीच्या दशकात डब्लिनला कंपन्या आल्या आणि घरांच्या किमती अशा भडकल्या की आम्ही सरकत सरकत या खेड्यात जाऊन पोचलो. तिथेही किमती चढू लागल्याच होत्या. नवऱ्याला ऑफिस लांब पडायचं. मी मात्र खूश होते. पोस्टातली बाई पहिल्याच आठवड्यात मला नावाने हाक मारायला लागली, मला आणखी काय हवं?

घर घेतल्यापासून दर शनिवारी कुणी ना कुणी मराठी मंडळी ते बघायला यायची. बूट काढता काढता पहिला प्रश्न ठरलेला, "केवढ्याला पडलं?" आम्ही आकडा सांगायचा, पाहुण्यांनी "बापरे" म्हणायचं, मग स्वतःचा आकडा सांगायचा आणि मग चहा. मला यात काही वावगं वाटत नसे. सांगलीला आमच्या आळीत मेथीच्या जुडीपासून जावयाच्या पगारापर्यंत सगळ्याची चौकशी व्हायची. नवरा मात्र इथे आल्यापासून फार सोवळा झाला होता. "अगं, इथे प्राइस विचारत नाहीत, रूड वाटतं," हे पालुपद त्याने कधी सोडलं नाही.

शेजारी एकट्या राहणाऱ्या बाईंना मी मनातल्या मनात आजी म्हणत असे. त्यांचा जन्म याच गावातला, लग्न इथल्याच चर्चमध्ये झालेलं आणि नवऱ्याला पुरलेलंही इथेच. बागेतले टोमॅटो पिशवीत भरून त्या आमच्या पायरीवर ठेवून जायच्या. मी थालीपीठ दिलं की "इंटरेस्टिंग" म्हणायच्या आणि सगळं संपवायच्या.

एका रविवारी त्या चहाला आल्या आणि हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाल्या, "घर विकतेय मी. घेणारा फार सभ्य माणूस आहे. पुढच्या आठवड्यात सही. मग टेक्ससला, शुगर लँडला लेकीकडे जाईन. तेवढ्या पैशांत आता या गावात दुसरं काही मिळायचं नाही."

सगळा जन्म जिथे गेला तिथून या बाई उठणार!

"केवढ्याला देताय?" माझ्या तोंडून गेलंच.

नवऱ्याने टेबलाखालून माझा पाय दाबला. आजींचे कान लाल झाले. त्या उठून जातील असं मला वाटलं, पण खाली बघत, हळू आवाजात त्यांनी आकडा सांगितला.

"काय?" मी जवळजवळ ओरडलेच. "अहो, आम्ही याच्या दुप्पट दिलेत! आणि आमचं घर तुमच्याहून लहान, मागे जमीनही नाही."

आजींनी कप ठेवला, आभार मानले आणि चहा अर्धा टाकून निघून गेल्या.

"झालं समाधान?" नवरा म्हणाला. "काय गरज होती, यार? आता त्या आपल्याशी बोलायच्यासुद्धा नाहीत."

पुढचे काही दिवस त्या खरंच दिसल्या नाहीत. पायरीवर पिशवी नाही, कुंपणावरून हात हलवणं नाही. मला फार वाईट वाटत होतं. एक तर चांगली शेजारीण दुखावली, वर ती सही करून मोकळी झाली असली तर माझं बोलणंही फुकट गेलं.

त्या शनिवारी फायर स्टेशनात पॅनकेकचा नाश्ता होता. सगळं गाव जमलेलं. आत शिरतो तर आजी हातात प्लेट घेऊन टेबलाटेबलाशी थांबत होत्या आणि खणखणीत आवाजात विचारत होत्या, "तुम्ही घर केवढ्याला घेतलंत? तुम्ही केवढ्याला विकलंत?" जन्मभर एकमेकांना ओळखणारी ती माणसं काटे हातात धरून आपापल्या प्लेटमध्ये बघत होती. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने घसा खाकरला आणि आपला आकडा सांगितला. मग पोस्टातल्या बाईने सांगितला, मग हार्डवेअरवाल्याने. बघता बघता सगळे एकदम बोलायला लागले. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी आपली पॅनकेक खात होते.

सभ्य माणसाला आजींनी नकार दिला. पुढे एका तरुण जोडप्याने योग्य किमतीला घर घेतलं, आणि त्या पैशांत आजींना पोस्टामागे दोन खोल्यांचं छोटं घर मिळालं. सामान हलवायला आमची मराठी मंडळी आली होती. नागपूरच्या काकांनी सोफा एकट्याने उचलला आणि दोन दिवस कंबर धरून बसले. दुपारी सगळ्यांनी खोक्यांवर बसून माझे पोहे खाल्ले. इतका छान दिवस त्या वर्षात दुसरा गेला नसेल.

मंडळी गेल्यावर आजी आणि मी कपबश्या लावत होतो.

"मला लेकीकडे जायचं नव्हतंच," त्या एकाएकी म्हणाल्या.

"मग तसं सांगायचं ना! निदान लेकीला तरी?"

"तिला वाटत होतं मला यायचंय. इथे सगळ्यांना वाटत होतं मला जायचंय." त्यांनी हातातली बशी पुसून फळीवर ठेवली. "विचारलं कुणी?"