फाटलेली टीसी

बाच्या डाव्या भुवईच्या वर एक खूण आहे. ती माझी आहे. पाण्यानं भरलेला पितळी गडवा मी सख्ख्या बापाच्या तोंडावर फेकून मारला होता, आणि फेकताना नेम धरला होता. खोटं कशाला बोलू?

भांडण टीसीचं होतं, म्हणजे कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतरची ती वर्षं. एकोडीच्या बाजूच्या आमच्या गावातली बी.ए. झालेली मी पहिली पोरगी. कॉलेजातून टीसी मिळते एकच. ती बी.एड.ला जमा केली की एम.ए. बुडालं, आणि एम.ए.ला दिली की बी.एड. बा शाळेत चपराशी, उभा जन्म मास्तरांना पाणी नेऊन देण्यात गेलेला. त्याला माझ्या हातात खडू पाहायचा होता. मला नागपूरला जाऊन मराठीत एम.ए. करायचं होतं, कॉलेजात शिकवायचं होतं. शाळा म्हटली की माझ्या डोक्यात तिडीक जायची, कारण तिथं दाराशी स्टुलावर माझा बाप बसलेला असायचा.

रोवणा चालू होता. दिवसभर धानाची रोपं लावून चिखलानं माखलेली मी घरी आले, तर बा माझी पेटी उघडून बसलेला. एका हातात नागपूरचा फॉर्म, दुसऱ्या हातात टीसी.

"हे काय होय?"

"दिसत नाही का तुले? एम.ए.चा फॉर्म होय."

"बी.एड. कर म्हटलं होतं ना तुले?"

"तू पाणी पाजलं मास्तर लोकायले, म्हणून मी बी तिथंच मरू काय?"

फाडकन बसली. मग दुसरी. ओठ फुटला. मी टीसी धरली, त्यानं सोडली नाही, आणि ती मधोमध फाटली. मग तर त्याच्या अंगातच आलं. चपलेनं हाणलं, केस धरून ओसरीभर ओढलं. "मारून टाकता काय जी पोरीले?" म्हणत आई मध्ये पडली, तर तिलाही बसली. माझ्या हाताला गडवा लागला.

रक्त पाहून आईनं त्याच्या कपाळाला पदर लावला. त्या दिवशी कोणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बा खांद्यावरचा दुपट्टा कपाळाला गुंडाळून सायकलनं साकोलीला गेला आणि टीसीचे दोन तुकडे जोडून लॅमिनेशन करून घेऊन आला. आमच्याकडं कागद मोलाचा असला की तो प्लास्टिकात जातो, जातीच्या दाखल्यापासून मार्कशीटपर्यंत. त्याला वाटलं, झालं काम. कॉलेजच्या बाबूनं कपाळावर हात मारला.

"अहो, प्लास्टिकवर शिक्का कुठं मारू? दुसरी टीसी काढावी लागेल. आधी ठाण्यात हरवल्याची नोंद करून आणा."

मी आणि बा ठाण्यात गेलो, तर हवालदारानं कागदाकडं पाहिलंच नाही. माझ्या सुजलेल्या तोंडाकडं पाहिलं.

"कोनं मारलं?"

पडले असं सांगायचं मी मनात ठरवून गेले होते. तोंडातून निघालं, "यानं." गडव्याचं काही बोलले नाही.

हवालदार उठला. "शिकल्यासवरल्या पोरीवर हात उचलतो बे?" म्हणत त्यानं ठेवून दिली. दुपट्टा उडाला. दुसरी तर जखमेवरच बसली, आणि रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. हवालदाराला वाटलं त्याच्याच हातानं फुटलं. तो जरा चरकला आणि लगबगीनं नोंद लिहून दिली. बानं एका शब्दानं म्हटलं नाही की साहेब, हिनंही मला मारलं. हात जोडून उभा राहिला, शाळेत उभा राहतो तसा.

ओसरीत मार खाताना हा माणूस मरावा असं मला वाटलं होतं. आता त्या हवालदाराचा हात तोडावासा वाटला, आणि मग माझी जीभ.

बाहेर बोरिंगवर त्यानं तोंड धुतलं. मी दांडा हाणत होते. वाकल्या वाकल्याच तो म्हणाला, "जाय माय, नागपूरले जाय. कर एम.ए. मी आडवा नाही येत."

हेच तर मला पाहिजे होतं! पण ती परवानगी हवालदारानं झोडून काढलेली होती, माझ्या अर्ध्या खऱ्याच्या जोरावर. मला ती घेववेना. संताप आला, त्याचा, माझा, सगळ्यांचा.

"नाही जात," मी ओरडले. "बी.एड.च करीन. चूप राय आता!"

दुसरी टीसी बी.एड.ला जमा झाली. आता मी शाळेत शिकवते. घरी पाहुणे आले की बा सांगतो, पोरगी आपल्या मर्जीनं मास्तरीण झाली, आपण जबरदस्ती केली नाही. कपाळावरच्या खुणेचं कोणी विचारलं तर म्हणतो, बैलानं शिंग मारलं. मी तिथंच असते, पाहुण्यांना पाणी देत.