लतीफाबीची दोन बोटं

शिरपूर जैनला बांगड्या भरायच्या तर लतीफाबीकडूनच. पंचावन्न वर्षांची ही मनियारीण नुसता हात दाबून माप सांगते आणि पोरीला गप्पांत गुंतवून काचेची बांगडी अशी चढवते, की पोरीला कळतही नाही. गालात मात्र चाळीस वर्षं खर्रा, तंबाखू-सुपारी-चुन्याचा. सकाळी आधी खर्रा, मग चहा!

पुढे तोंडच उघडेना. वाशिमच्या डॉक्टरांनी तिला स्वतःची बोटं तोंडात उभी घालायला लावली. तीन जायला हवीत, दोनच गेली. "मिटलं ते आता उघडायचं नाही, पण खर्रा सुटला नाही तर उरलंय हेही मिटेल," ते म्हणाले, "आणि पुढे कॅन्सरची भीती." त्यांनी निकोटीनच्या च्युइंगमची चिठ्ठी दिली.

चिठ्ठी घेऊन ती पूनमचंद शेठजींच्या मेडिकलात आली. तीस वर्षांत खर्रा सोडलेला माणूस काही शेठजींनी पाहिला नव्हता. त्यांनी पाकीट दिलं आणि मनात म्हटलं, फार तर आठ दिवस!

आठव्या दिवशी लतीफाबी तणतणत हजर. "शेठजी, हे काय देल्लं? तलफ जशीच्या तशी! डोकं फुटून राह्यलं!"

"चावता कशा?"

तिनं च्युइंगमची एक गोळी कचाकचा चावली आणि वळून नालीत लांब पिचकारी मारली. शेठजींनी कपाळाला हात लावला. "अवो बाई, सारं औषध नालीले पाजून राह्यल्या तुमी! जराशी चावा, गालात दाबून ठेवा. थुंकायचं नाही."

"थुंकू नको? चाळीस साल झाले, रसाचा थेंब पोटात जाऊ देल्ला नाही मी!"

खोटं नव्हतं. खर्रा खाणारा आधी थुंकायलाच शिकतो. आणि तऱ्हा पाहा, बंदी असलेला खर्रा समोरच्या पानठेल्यावर हवा तेवढा, पण तो सोडवणारी जोरकस गोळी चिठ्ठीशिवाय नाही! औषधाला नियम हवाच, शेठजींना मान्य होतं. पण त्या दिवशी पानठेल्याकडे बघून त्यांचं डोकं सणकलं.

सहा महिन्यांत लतीफाबी दिवसाला बारा गोळ्यांवरून तीनवर आली. तेवढ्यात शेठजींच्या नातीचं, जिनलचं, लग्न निघालं. अंगणात पंचवीस बायका, मधे लतीफाबी. शेजारच्या संगीतानं सवयीनं खर्र्याची पुडी पुढे केली. वास आला, बोटांचा दाब चुकला आणि नवरीच्या मनगटावर बांगडी तडकली. "वाढली!" कुणीतरी कुजबुजलं, लग्नघरात 'फुटली' म्हणत नाहीत. दारात उभ्या शेठजींच्या काळजात धस्स झालं, पण बांगडीसाठी नाही. आता ही पुडी घेणार, असंच त्यांना वाटलं.

लतीफाबीनं पुडी संगीताच्या मुठीत परत कोंबली, गालात गोळी दाबली आणि डोळे मिटले. कपाळावर घाम. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मग ती म्हणाली, "आण माय, हात." संध्याकाळपर्यंत शेकडो बांगड्या भरल्या, एकही वाढली नाही. शेठजी थक्क होऊन पाहतच राहिले. बाप रे, काय ही बाई!

पुढच्या महिन्यात वाशिमहून ती थेट दुकानात आली.

"काय म्हणे डॉक्टर?" शेठजींनी हातातलं काम टाकून विचारलं.

तिनं बोटं तोंडात उभी घातली. दोनच गेली. शेठजींचा चेहरा उतरला.

"असं काहून पाह्यता, शेठजी? मिटलं नाही नं! सूतभरही कमी झालं नाही!" ती हसली, जेवढं तोंड उघडत होतं तेवढं. शेठजी गादीवरून उठले आणि भरल्या दुकानात त्यांनी तिला हात जोडले.