खडूची रेघ मारणारा माणूस

दाजींनी ‘सगळी ओरिजिनल’ म्हणून मला विकलेल्या जुन्या जीपचं इंजिन आणि मागचा अ‍ॅक्सल दोन्ही बदललेले आहेत, अशी माझी खात्री होती. त्यावरून वर्षभर आमचं बोलणं बंद होतं. पुरावा हवा म्हणून काष्टीच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. त्याचं नाव विचारायचंही सुचलं नाही, इतका मी तापलो होतो.

मी तक्रार सुरू करताच त्याने हात वर केला. “पावणं, गप ऱ्हावा. मालकानं आधी सांगितलं, की मला बी तेच दिसाया लागतं.”

रॉकेलच्या फडक्याने मळ पुसून इंजिनावरचा नंबर त्याने नखाने चाचपला, मग आरसी बुकाशी ताडून पाहिला. अ‍ॅक्सलचा नंबर बुकात नसतो. म्हणून त्याने मागचं एक चाक जॅकवर उचललं, चाकावर आणि इंजिनाकडून येणाऱ्या दांड्यावर खडूने रेघ मारली, आणि चाक हाताने फिरवत दांड्याचे फेरे मोजले. दोनदा मोजले. या जीपच्या मूळ अ‍ॅक्सलला चाकाच्या एका फेऱ्यामागे दांड्याचे किती फेरे पडतात, ते त्याला पाठ होतं.

“दोन्ही मूळचंच हाय. कुनी बदललं न्हाई.”

“नीट बघा की!” मी ओरडलो.

तो हसला. “भांडायची लई तयारी करून आलाता व्हय?”

राग आला, पण तो वाटेत श्रीगोंद्यापर्यंतच टिकला. माफी मागणं मला जमत नाही. तसाच पुढे दाजींच्या गावी, बेलापूरला गेलो, त्यांच्या दारात जीप उभी केली आणि किल्ली पुढे धरली.

“चला दाजी, चक्कर मारून येऊ. तुम्हीच चालवा.”