विठू गवसाचे नाव

दत्ताराम गवसाने तीस वर्षे गोव्यातल्या सुर्ल्यात खनिजाचा ट्रक चालवला. शिक्षण सातवीपर्यंत. इंग्रजी म्हणाल तर गाड्यांच्या नंबरपाट्या आणि वजनकाट्याच्या पावत्या वाचण्यापुरती मोठी अक्षरे यायची, तीही एकेक सुटी करून. अशा माणसाने अठ्ठावन्नाव्या वर्षी पहिल्या महायुद्धातल्या एका शिपायाचा शोध हाती घेतला आणि तडीस नेला. त्याच्या वाडीवर ही गोष्ट आजही अभिमानाने सांगतात.

२०१८ साली खाणी बंद पडल्या आणि ट्रक दारात उभा राहिला. चतुर्थी जवळ आली तशी बायको शांता म्हणाली, "बसान काय करतास? देव तरी घासून दे." देवांमध्ये चहाच्या बशीएवढी एक जड गोल चकती होती. तिच्यावर उभी देवी, हातात त्रिशूळ, बाजूला सिंह. घरात तिला 'सिंहाची देवी' म्हणत. हिला घासायचे नाही, फक्त तेल आणि कुंकू लावायचे, हा पणजीने घालून दिलेला दंडक. शंभर वर्षांच्या कुंकवाचा थर तिच्यावर बसला होता. त्या पावसात थराला बुरशी धरली, म्हणून दत्तारामाने मनातल्या मनात देवीची माफी मागितली आणि तिला चिंचेच्या पाण्यात घातली.

थर निघाला तशी कडेने अक्षरे दिसू लागली. ती तर इंग्रजी. सिंहाच्या डोक्यावर एक चौकट होती, तिच्यातही अक्षरे. नंबरपाटी वाचावी तशी त्याने बोट ठेवून वाचली. व्ही, आय, टी, एच, यू.

"शांता, हय ये गे," तो ओरडला. "हेच्यार विठू लिवलाहा. विठू गवस!"

विठू हा दत्तारामाचा पणजोबा. दोडामार्गाच्या पलीकडे या गवसांचे मूळ गाव. तिथून विठू बेळगावला जाऊन मराठा पलटणीत भरती झाला आणि पहिल्या महायुद्धात बोटीने बसऱ्याला गेला. तेव्हा बायको पद्मावती सोळा वर्षांची, मुलगा गणेश सहा महिन्यांचा. विठू परत आला नाही. पलटणीकडून काही पत्र आले असेल तर ते पद्मावतीपर्यंत पोचले नाही. गावात मात्र आवई उठली की विठू लढाई सोडून पळाला, तुर्कांना मिळाला, तिकडेच त्याने दुसरा संसार थाटला. पद्मावतीने कपाळाचे कुंकू पुसले नाही. बायका तिला तोंडावर विचारत, "कोणाच्या नावाचा लावतंस गे?" ती उत्तर देत नसे. लढाई संपल्यावर टपालाने ही चकती आणि एक कागद असलेले पाकीट आले. त्यातला कागद पुढे वाळवीने खाल्ला. चकतीवरचे वाचणारा गावात कोणी नव्हता. देवी आहे म्हणून पद्मावतीने ती देव्हाऱ्यात ठेवली आणि नवरा सुखरूप येऊ दे म्हणून तिच्यापुढे पन्नास वर्षे हात जोडले. गणेश मोठा झाल्यावर खाणीच्या कामासाठी सुर्ल्याला आला, तेव्हा आईबरोबर देवीही आली.

दुसऱ्या दिवशी दत्तारामाने चकती पंच्यात गुंडाळली आणि पणजीची बस धरली. तिथल्या ग्रंथालयात सेजल नावाची एक तरुण ग्रंथपाल होती. तिने कडेची अक्षरे वाचली. मग म्हणाली, "काका, ही देवी नव्हे, ब्रिटनचे प्रतीक असलेली बाई आहे. ब्रिटिश सरकार लढाईत मेलेल्यांच्या घरी ही चकती पाठवायचे. 'स्वातंत्र्यासाठी आणि मानासाठी याने प्राण दिला' असे लिहिले आहे."

"म्हणजे पळालो नाय तो?"

"पळालेल्याला ही मिळत नव्हती."

दत्ताराम खुर्चीवर बसला. मग त्याने विचारले, "खंय मेलो, कसो मेलो, ह्या कळात काय?"

तेव्हापासून दर मंगळवारी तो ग्रंथालयात जाऊ लागला. सेजलने छोटी अक्षरे शिकवली, मग शब्दकोश शेजारी ठेवून इंग्रजी पुस्तकाची दिवसाला दोन पाने, कधी एकच. नकाशावर बसरा सापडला, मग तैग्रिस नदी, मग नदीच्या वळणातले कूत नावाचे गाव. तिथे इंग्रजांची फौज पाच महिने तुर्कांच्या वेढ्यात अडकली होती. धान्य संपत आले, घोडे कापून खायची पाळी आली, तरी कितीतरी हिंदी शिपाई धर्मासाठी त्या मांसाला शिवेनात. एप्रिल १९१६मध्ये फौज शरण गेली आणि उपाशी, आजारी कैद्यांना वाळवंटातून शेकडो मैल चालवत नेले. हे वाचून आल्यावर दत्तारामाला घरी जेवण जात नसे. त्याच्या मनाला आणखी एक गोष्ट लागली. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावे कोरलेली होती, पण साध्या हिंदी शिपायांचा नुसता आकडा. नावे केवळ नोंदवहीत.

सेजलने त्याच्याकडून इंग्लंडला, युद्धातल्या मृतांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला, पत्र लिहून घेतले. लिहिले त्याने, चुका तिने काढल्या. उत्तर आले की या नावाचे शिपाई पुष्कळ आहेत, वडिलांचे नाव कळवा. ते ठाऊक असणारे एकच माणूस उरले होते, मये गावात दिलेली त्याची आते, रुक्मिणी. गणेशाची ही लेक ऐंशी वर्षांची. तिने विठूच्या वडिलांचे नाव 'रामा' असे सांगितले आणि विचारले, "कित्याक रे?" तो म्हणाला, "असाच."

चार महिन्यांनी दुसरे पत्र आले. विठू, वडील रामा. कूतला कैद झाला. ऑगस्ट १९१६मध्ये रास-अल-ऐन येथे कैद्यांच्या छावणीत आजाराने मृत्यू.

ते पत्र खिशात घालून दत्ताराम दोनदा मयेला गेला आणि दोन्ही वेळा इकडचे तिकडचे बोलून परत आला. रुक्मिणीला तिच्या आजीने वाढवले होते. नवरा येईल म्हणून आजीने जिच्यापुढे जन्मभर हात जोडले ती त्याच्या मरणाचीच खूण होती, हे या म्हातारीला कुठल्या तोंडाने सांगायचे? तिसऱ्या खेपेला शांता बरोबर गेली आणि म्हणाली, "आता वाचा."

त्याने वाचले. मग चकतीवर काय लिहिले आहे तेही सांगितले. रुक्मिणीने त्यांनी आणलेली चकती मांडीवर घेतली.

"नाव खंय आसा? दाखय," ती म्हणाली. दत्तारामाने तिचे बोट धरून अक्षरांवरून फिरवले.

"आजयेक वाचूक येय नाय," ती हळूच म्हणाली. "पण फूल रोज त्याच्याच नावार घाली होती. चुकला खंय तिचा?" मग डोळे पुसून तिने भाच्याकडे पाहिले. "तू माझ्या आजयेचा तोंड उजळ केलंस, बाबा."

त्या वर्षी सर्वपित्रीला गवसांच्या घरी विठूच्या नावाने पहिल्यांदा पान वाढले गेले. माणूस मेला की जगला हेच ठाऊक नसल्यामुळे इतकी वर्षे ते कधी मांडलेच नव्हते. चकती देव्हाऱ्यातच राहावी असे रुक्मिणीने सांगितले.

पण दत्तारामाचे समाधान झाले नव्हते. आवई जिथे उठली तिथेच ती मोडायला हवी होती. जत्रेच्या दिवशी तो मूळ गावी गेला, देवळात गाऱ्हाणे, म्हणजे गावाच्या वतीने देवाला साकडे, घालणाऱ्या मानकऱ्यापुढे पत्र ठेवले आणि म्हणाला, "ह्या गावान माझ्या पणजोबाक पळपुटो म्हटला. आज गाऱ्हाण्यात त्याचा नाव घेवा." मानकऱ्याने पत्र शेजारच्या शिक्षकाकडून वाचून घेतले. मग त्याने हात जोडून, भरल्या देवळात, विठू रामा गवस हे नाव तीनदा उच्चारले. मंडळींनी दर खेपेला "व्हय म्हाराजा" म्हटले.

देवळाबाहेर सत्यवती नावाच्या एका विधवेने त्याला गाठले. तिच्या सासऱ्याचा चुलताही त्याच लढाईला गेला होता. "त्याचाय काय कळात काय रे?" तिने विचारले. दत्तारामाने खिशातले पेन काढले आणि चुलत्याच्या वडिलांचे नाव विचारले.

आता दत्ताराम साठी ओलांडून पुढे गेला आहे. दोडामार्गापासून पेडण्यापर्यंत त्याने अकरा शिपाई शोधून काढले आहेत. कोणी मेसोपोटेमियात पडलेला, कोणी फ्रान्समध्ये, कोणी बोटीवरच तापाने गेलेला. इंग्रजी पत्रे आता तो स्वतःच लिहितो. उत्तर आले की स्कूटर काढून त्या घरी जातो. घरातली माणसे त्याला खुर्ची देतात, पाणी देतात. पाणी तो घेतो. पत्र मात्र अंगणात उभे राहूनच वाचतो, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असे मोठ्याने, आधी नाव, मग बापाचे नाव, मग गाव.